जावईबापूंची केबल

फोन किती वेगानं चार्ज व्हावा हे चार्जर, केबल आणि फोन हे तिघं मिळून ठरवतात, आणि तिघांत जो सगळ्यात सुस्त असेल त्याचंच शेवटी चालतं. हे तत्त्व एकत्र कुटुंबांत फार पूर्वीच सिद्ध झालेलं आहे. देगलूरच्या शेषेरावांना मात्र ते परवा दुपारी कळलं.

त्यांच्या धाकट्या मुलीला, सुकन्याला, नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज संध्याकाळी पाचच्या आत फोनवरून भरायचा होता. सकाळपासून लाईट नव्हती. ती दोनला आली आणि तीनला पुन्हा जाणार होती (जाण्याच्या बाबतीत ती वक्तशीर आहे). फोनमध्ये एक टक्का होता. चार्जर नवाकोरा, ऐंशी वॅटचा. फोनही तेवढं पेलणारा. तरी वीस मिनिटांत तीनच टक्के झाले.

शेषेराव सगळा संच घेऊन समोरच्या सलीमच्या मोबाईलच्या दुकानात गेले.

"काका, चार्जर एक नंबर हाय, फोनबी दमदार हाय," सलीम म्हणाला. "केबल लई बारीक हाय. येकानं हात आखडला का बाकीचे दोघं नुसते बसून राहतात. फेकून द्या ही."

"हळू बोल. जावयानं आणलेली हाय."

सलीमच्या घरात तीन दुल्हेभाई (म्हणजे बहिणींचे नवरे) असल्यामुळे त्यानं निदान तत्काळ मागं घेतलं. "मंग चार्जर बदलून बघा," तो म्हणाला.

लातूरचे जावई रुद्रेशराव त्या वेळी शेषेरावांच्या बैठकीतच लोळत होते. दिवाळीत ही केबल त्यांनी चकचकीत कागदात गुंडाळून सासऱ्यांना दिली होती. सबब, केबल वगळून पुढील उपाय योजण्यात आले: चार्जर बदलला, बोर्ड बदलला, फोनचं कव्हर काढलं, फोन पंख्याखाली ठेवला (जावयांना न हलवता, म्हणजे वाऱ्याच्या काठावर), आणि शेषेरावांच्या पत्नी चतुराबाईंनी त्याची दृष्ट काढली. घरातल्या चार माणसांपैकी शंभर टक्के लोकांना खरं कारण ठाऊक होतं. चौथे स्वतः रुद्रेशराव. आपल्या फोनसाठी त्यांनी बॅगेतून दुसरी, जाडजूड केबल आणली होती, आणि त्यांचा फोन अडीचलाच फुल्ल झाला होता.

ती केबल मोकळी पडलेली बघून सुकन्याचा जीव वरखाली होत होता.

"पप्पा, दाजीची केबल मागू का?"

"न्हाई," शेषेराव दबक्या आवाजात म्हणाले. "त्यांनी दिलेली खराब हाय असं व्हतंय ते."

जावयाला देण्याची त्या घरात पद्धत आहे, मागण्याची नाही.

तीनला लाईट गेली तेव्हा आठ टक्के झाले होते. गर्दीनं अडलेली साईट सव्वाचारला उघडली. सुकन्यानं नाव, गुण, कागदपत्रं, बारा कॉलेजं असं सगळं भराभर भरलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना, शेवटचं बटण दाबायच्या आधी, फोन बंद पडला. पोरीचं वर्ष गेलं. ती ढसाढसा रडली. शेषेरावांना पोटातून वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

"मामा, वस्तू घेताना जरा भारीतली घेत जा," रुद्रेशराव म्हणाले. "यंदाच्या दिवाळीला अजून एक केबल आणतो."

"आणा की, जावईबापू," शेषेराव म्हणाले, आणि चहा आणायला आत गेले.

वाचक या घराला हसत असतील तर त्यांनी ही गोष्ट आपल्या जावयासमोर, जावई नसल्यास साहेबांसमोर, मोठ्यानं वाचून दाखवावी. आम्ही ऐकायला बसलो आहोत. अजून कुणाचा आवाज आलेला नाही.