जाते : आठशे बारा नोंदी

पूर्णेच्या छोट्या वस्तुसंग्रहालयात श्रद्धाला लागून दोनच महिने झाले होते, तेवढ्यात पुण्याच्या संशोधक डॉ. प्रमोदिनी यांचा फोन आला.

"तुमच्याकडे दळायची जाती किती आहेत हो?"

श्रद्धाने संगणकाच्या शोधचौकटीत 'जाते' असं टाइप केलं आणि दिसला तो आकडा वाचला. "आठशे बारा, मॅडम."

पलीकडचा आवाज एकदम हळू झाला. "पुन्हा सांगा."

"आठशे बारा."

"तीस वर्षं जात्यांवर काम करतेय मी. एवढा संग्रह कुठं ऐकलाही नाही. परवा सकाळी येते."

फोन ठेवल्यावर श्रद्धाने यादी उघडली. पहिली नोंद पळीची : 'ही पूजेत वापरली जाते.' दुसरी मापट्याची : 'हे धान्य मोजण्यासाठी वापरले जाते.' तिसरी, चौथी, शंभरावी, सगळ्या तशाच, प्रत्येकीत क्रियापदाचं 'जाते'. दिवा, अडकित्ता असल्या पुल्लिंगी वस्तू तेवढ्या 'जातो'मुळे सुटल्या होत्या. दळायची खरी जाती निघाली तीन. त्यातलं एक फुटकं.

ही वर्णनं लिहिली होती संग्रहालयाचे मानद व्यवस्थापक माधवराव यांनी. मराठीचे निवृत्त शिक्षक.

"वाक्यं शुद्ध आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"शुद्ध आहेत हो, सर. पण माझी नोकरी जाते ना! माझ्या नेमणुकीच्या मुदतवाढीची शिफारस त्याच मॅडम करणार आहेत."

खरं सांगायला तिने दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा बाईंचा तो हळू झालेला आवाज आठवला आणि तिने फोन खाली ठेवला.

झाडलोट करणाऱ्या धुरपदाबाई दाराशी उभं राहून सगळं ऐकत होत्या. "आवं ताई, रडायलाव कशाला? आमच्या ताडकळसला घरोघरी जाती पडलेत. गिरणी आल्यापसून कुनी न्हानीपुढं टाकलंय, कुनी पायरीला लावलंय. आज बाजार हाय. सांगते बायांना."

"दहाबारा जरी आणली गेली, तरी अब्रू राखली जाईल," माधवराव म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी टेम्पो थांबला. जात्यांनी भरलेला. मागून ट्रॅक्टर आला. मग मोटारसायकली, मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं जातं, लेकरासारखं धरलेलं. दहा वाजेपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. श्रद्धाने मोजणं सोडून दिलं.

"न्हेऊन ठेवायचं न्हाई बरं का," बबिता नावाच्या बाईने बजावलं. "निस्तं दाखवायला आनलंय."

बसल्या बसल्या कुणीतरी मूठभर ज्वारी घातली आणि खुंटा फिरवला. शेजारणीने फिरवला. मग वीस, मग पन्नास, मग सगळ्याच. जमीन घुमू लागली, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. एका म्हातारीने ओवी उचलली. मधेच ती विसरली, तर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाहून कुणीतरी पुढची ओळ धरली. माधवराव व्हरांड्यात छातीवर हात ठेवून उभे होते. श्रद्धा ऐकत राहिली. या गोल दगडांना आवाज असतो, हे तिच्या संगणकात कुठंच नव्हतं.

डॉ. प्रमोदिनी फाटकातच थांबल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने डोळे टिपले. श्रद्धा जात्यांमधून वाट काढत धावली.

"मॅडम, चूक झाली! संगणकानं..."

"काय?"

"संग्रहालयाची एवढी नाहीत!"

"ऐकू येत नाही!"

श्रद्धाने जीव खाऊन ओरडायला तोंड उघडलं, आणि पाहुणीबाई आल्याचं पाहून नेमकी तेव्हाच सगळी जाती थांबली.

"आमची तीनच आहेत! त्यातलं एक फुटकं!"

अंगणभर ते घुमलं. श्रद्धाने डोळे मिटून घेतले.

डॉ. प्रमोदिनी मात्र बबितासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हे कुणाचं?"

"माझ्या सासूचं. तिला तिच्या आईनं दिल्यालं."

मॅडम श्रद्धाकडे वळल्या. "हे लिहून घ्या. एकेकीला विचारा, एकही सोडू नका. वर्षभर पुरेल एवढं काम आहे. मी तसं कळवते वर." मग चपला काढून त्या मातीतच बसल्या. "तीस वर्षं मी यांची मापं घेतली, वजनं घेतली. एकदा फिरवून बघू?"

त्यांनी खुंटा धरला आणि डोळे मिटून जोरात फिरवला. कर्रकन आवाज आला. पीठ काही पडेना. सगळं अंगण बघत होतं.

शेवटी धुरपदाबाईच जवळ बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्याडम, उलटं फिरवायलाव."