बागूलकाकांचा खाडा

आमच्या कारखान्यात सकाळी कोण आलं हे सगळ्यांना दिसतं. कोण आलं नाही हे फक्त बागूलकाकांना दिसतं. माझ्या लग्नात त्यांनी मांडवाच्या दारात उभं राहून एकदा नजर फिरवली आणि शुभेच्छा देण्याआधी मला विचारलं, "तुझा चुलतसासरा दिसत नाही. मोठी मेहुणीही नाही. काय झालं?" दोघंही मानपानावरून रुसून घरी बसले होते आणि ही गोष्ट आम्ही आठवडाभर झाकून ठेवली होती. पहिली पंगत उठेपर्यंत ती सगळ्या मांडवाला कळली.

बागूलकाका सातपूरला आमच्या कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळतात; मी त्यांच्या शेजारीच, डिस्पॅचला बसतो. हजेरी, रजा आणि खाडे. खाडा म्हणजे न सांगता किंवा खोटं सांगून मारलेली दांडी, आणि या विषयात काकांचा हात धरणारा माणूस नाशिक जिल्ह्यात नसावा. ते मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलतात आपल्यासारखंच, पण रंगात आले की तिकडची बागलाणी बोली जिभेवर येते. "माणूस खोटं बोलस, खाडा नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्या खुर्चीमागे जिल्ह्याचा नकाशा आहे आणि त्यावर टाचण्या टोचलेल्या आहेत. द्राक्षाची छाटणी आली की पिंपळगावचे गायब. कांदा लावणीला विंचूरचे. आवणीला पेठ-सुरगाण्याचे, आणि ते भात लावून होईपर्यंत फोनही उचलत नाहीत. एकलहऱ्याच्या पोरांवर मात्र काकांचा भारी जीव. "बाप थर्मलच्या वीजकेंद्रात शिफ्टमध्ये, पोरं भोंग्यावर वाढलेली. त्यांना खाडा करताच येत नाही," असं ते कौतुकाने सांगतात.

गावांसारखाच खात्यांचाही हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. पेंट शॉपवाला सोमवारी येत नाही. वेल्डर मॅचच्या दिवशी येत नाही. सीएनसीवाल्याचं पोट दुखलं की समजायचं, त्याचा अंबडच्या दुसऱ्या कारखान्यात इंटरव्ह्यू आहे. काकांचा मेहुणा बँकेत आहे म्हणून मी एकदा विचारलं, "तिथे खाडे कमी असतील नाही?" काका म्हणाले, "तिथले जागेवर बसून गैरहजर असतात. ते मोजायचं काम माझ्याच्याने होणार नाही."

पण काकांची खरी दहशत होती ती घरभेटीची. तीन दिवस खाडा पडला की चौथ्या दिवशी काका दारात हजर. एका हातात बिस्किटाचा पुडा, दुसऱ्या हातात त्यांनी स्वतः तयार केलेला फॉर्म. नाव, गाव, कारण आणि मग एक रकाना, 'घरी कोण?' हा रकाना भरल्याशिवाय ते उठत नसत. शेवटी शेरा.

पिंपळगावच्या एका ऑपरेटरने कडक ताप आल्याचं कळवलं होतं. काका गेले तर गडी पॅकहाउसमध्ये द्राक्षाच्या पेट्या भरत होता. काकांना बघून त्याच्या हातातला घड सुटला. काकांनी चप्पल काढली, मांडी घातली आणि दुपारपर्यंत त्याच्याबरोबर पेट्या भरल्या. परत येऊन शेरा लिहिला, 'भेट दिली. घरी सगळे कामात. आजार गंभीर नाही. चहा उत्तम.' तो ऑपरेटर दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या अर्धा तास आधी गेटवर उभा होता.

मग गेल्या वर्षी कारखान्यात चेहरा ओळखणारं यंत्र आलं. त्याच्यासमोर उभं राहिलं की हिरवा ठिपका, नाही आलं की लाल. तीन लाल ठिपके झाले की नोटिशीचं पत्र आपोआप निघायचं. पहिलंच पत्र निघालं ते प्रेस शॉपच्या शकीलचं. काकांनी ते दाबून धरलं आणि एसटीने थेट मालेगाव गाठलं. शकीलचा बाप लूमवर काम करताना पडला होता, खुबा मोडलेला, आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. शकील दवाखान्याच्या खेपा घालत होता तेवढा वेळ काका म्हाताऱ्याच्या उशाशी बसून राहिले. 'घरी कोण?' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'फक्त शकील.' त्या दोन शब्दांवर त्याची नोकरी वाचली.

एचआरच्या मॅडम वाईट नाहीत. पत्र त्यांनीच रद्द केलं. पण महिनाअखेरीस काकांना बोलावून माझ्यासमोरच गोड शब्दांत सांगितलं, "काका, आता घरभेटी बंद करू या. तुमचंही वय झालं. यंत्र आहे, फोन आहे."

"बरं," काका म्हणाले. "आणि उद्या मीच नाही आलो तर? यंत्र येणार का माझ्या घरी?"

मॅडम हसल्या. मीही हसलो.

पंधरा दिवसांनी काकांच्या नावापुढे लाल ठिपका पडला. सोळा वर्षांतला त्यांचा पहिला खाडा. मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. गावी गेले असतील, असं म्हणून मी गाड्या भरून घ्यायला लागलो. दुसऱ्या दिवशी दुसरा, तिसऱ्या दिवशी तिसरा. चौथ्या दिवशी सकाळी शकील डिस्पॅचला माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, काकांचा आज चौथा दिवस आहे. मालेगावला आले होते ना ते? मग आपल्याला त्यांचं सिडकोतलं घर लय लांब हाय का?"

मला लाज वाटली. मॅडमना सांगून आम्ही निघालो. काकू गेल्या तेव्हा स्मशानात आम्ही सगळे होतो. त्यांची मुलगी बंगळुरूला असते, हेही मला ठाऊक होतं. पण सोळा वर्षं शेजारी बसून मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. पत्ता शकीलला विचारावा लागला.

दार काकांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, दाढी गुळगुळीत. तब्येत ठणठणीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चौथा दिवस. नियमात बसतं. या."

आत टीपॉयवर ट्रे होता. त्यात सहा कप उपडे मांडलेले आणि न फोडलेला बिस्किटाचा पुडा. मला राग आला.

"काका, काय हे? आम्हाला वाटलं तुम्हाला काही झालं!"

"मी कुठे म्हटलं आजारी आहे म्हणून?" असं म्हणत ते चहा टाकायला आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला, मग बराच वेळ आला नाही. शकील उठून आत गेला आणि त्यानेच चहा आणून तीन कपांत ओतला. काका त्याच्यामागून आले तेव्हा रुमालाने चष्मा पुसत होते.

मग त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. "भर. आलात तर रीतसर होऊ दे."

मी नाव लिहिलं. गाव, सटाणा. "कारण?" मी विचारलं.

"तू ओळख. माणूस खोटं बोलस, खाडा नही."

मी कारणाची जागा कोरी सोडली आणि पुढच्या रकान्यावर आलो. 'घरी कोण?' तिथे माझं पेन थांबलं. भिंतीवरच्या फोटोत काकू होत्या, खुंटीला एकच टॉवेल होता, आणि टीपॉयवर तीन कप अजून उपडेच होते.

काकांनी पुडा फोडला, एक बिस्किट चहात बुडवलं आणि माझ्या हातातल्या कागदाकडे मान वाकवून पाहिलं.

"थांबलास का?" ते म्हणाले. "लिही ना. आज तिघं आहेत."