हणमंतआप्पांची बेसबॉलवर हरकत

सकाळी सात वाजता माणसं देवाचं नाव घेतात, निदान दूधवाल्याला हाक मारतात. आमच्या शेजारचे हणमंतआप्पा सात वाजता बेसबॉलला शिव्या घालतात. फलटणच्या आमच्या गल्लीत हा खेळ कुणी खेळत नाही, कुणी बघत नाही, आणि आप्पांनी तोंड उघडेपर्यंत तो कशाशी खातात हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आता भाजीवालीलासुद्धा त्यातले तीन नियम तोंडपाठ झाले आहेत.

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. माझी खिडकी आणि आप्पांचा ओटा यांच्यामध्ये एक बोळ आहे, तोही अरुंद. त्यामुळे चहाच्या पहिल्या घोटाबरोबर मला अमेरिकेतला हा मूर्खपणा गिळावा लागतो.

"ऐका सर," आप्पा सुरू करतात. "चेंडू टाकणाऱ्यानं चार चेंडू वाकडं टाकलं, की बॅटवाला चालत चालत पयल्या बेसवर, म्हंजी पयल्या टप्प्यावर. बॅट हलिवली न्हाई, पळाला न्हाई, घाम न्हाई. फुकट बढती. आमच्या कारखान्यात आशी बढती फकस्त चेअरमनच्या मेव्हण्याला मिळायची. पर तवा निदान चोरून द्यायचे. हितं नियमातच लिवलंय."

आप्पांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढली. उसाची गाडी काट्यावर आली की गाडीवान हुज्जत घालणार, आणि आप्पा त्याला एकच प्रश्न विचारणार, "हे कुठं लिवलंय?" नोकरी संपली, प्रश्न घरी आला. एकदा दाढ काढल्यावर डॉक्टर म्हणाले, दोन तास काही खाऊ नका. आप्पांनी विचारलं, "कुठं लिवलंय?" डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. आप्पांनी चिठ्ठी खिशात घातली आणि घरी येऊन तासाभरात भाकरी खाल्ली. चिठ्ठीखाली सही नव्हती म्हणे. गाल आठ दिवस सुजला होता, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही.

अशा माणसाच्या तावडीत बेसबॉल सापडावा, ही त्या खेळाला मिळालेली योग्य शिक्षा आहे असं माझं मत होतं. कारण खेळही तसलाच. बॅटवाल्याने चेंडू रेषेबाहेर मारला तर ती चूक, म्हणजे स्ट्राइक, धरतात. दुसऱ्यांदा मारला तरी चूक. तीन चुका झाल्या की माणूस बाद, इथवर ठीक. पण तिसरी चूक अशीच रेषेबाहेर मारून झाली, तर ती मोजतच नाहीत. मग तो दिवसभर बाहेर मारत बसला तरी चालतं. "पयल्या दोन गुन्ह्यांना सजा आन् फुडं सगळं माफ," आप्पा म्हणायचे. "ह्यो खेळ कुणा पुढाऱ्यानं काढलाय." चेंडू टाकणाऱ्याची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळालं तर त्याला चोरी म्हणतात, आणि ती चोरी खेळाडूच्या नावावर कौतुकाने लिहून ठेवतात. हे ऐकल्यावर आमच्या गल्लीतल्या निवृत्त हवालदारांनी दोन दिवस आप्पांशी बोलणं टाकलं. त्यांना वाटलं, टोमणा त्यांनाच आहे.

इथपर्यंत गंमत होती. पुढचं सांगायचं तर आप्पांच्या सुनेबद्दल सांगायला हवं.

भारती जतकडची. सांगलीला कॉलेजात असताना बेसबॉलच्या संघात होती, कॅचर म्हणून. बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून चेंडू धरतो, तो कॅचर. राज्याच्या संघापर्यंत गेलेली पोरगी. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या सुधीरशी लग्न होऊन इथं आली. सुधीर सैन्यात, वर्षातले दहा महिने सीमेवर. आप्पांची बायको जाऊन आठ वर्षं झालेली. म्हणजे घरात सासरा आणि सून, आणि दोघांच्या मध्ये रीत. आमच्याकडे सासरा सुनेशी कामापुरतं बोलतो, तेही दुसरीकडे बघून. आप्पा घरात शिरताना दारात खोकायचे. काही सांगायचं असलं तर भिंतीवरच्या घड्याळाला सांगायचे. "भाकरी जरा कडक व्हायला लागल्यात," असं घड्याळाला म्हणाले, की दुसऱ्या दिवशी भाकरी मऊ यायची.

गेल्या आषाढात भारतीचं बाळ पोटातच गेलं. पाचवा महिना होता. सुधीर आठ दिवसांची रजा काढून आला आणि गेला. त्यानंतर पोरीने बोलणंच सोडलं. दारात कुणी गेलं तर "हं", नवऱ्याचा फोन आला तर "हं". माहेरी चल म्हणून भाऊ न्यायला आला, त्याला मान हलवून परत पाठवलं. स्वयंपाक वेळेवर व्हायचा, पण तिचं ताट तसंच राहायचं. माझी बायको रोज जाऊन तिच्याजवळ बसायची आणि परत आली की म्हणायची, "पोरगी आतल्या आत संपत चाललीय हो. कुणीतरी बोलतं करायला पाहिजे तिला." शाळेतल्या खेळाच्या बाई मुलींच्या नव्या बेसबॉल संघाला शिकवशील का म्हणून दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा भारती माजघरातून बाहेरच आली नाही.

आणि नेमका याच दिवसांत या गृहस्थाला बेसबॉलचा झटका आला. घरात दुःख, आणि हा माणूस ओट्यावर बसून सुनेच्याच खेळाची रोज सकाळी सालटी काढतोय. मी चाळीस वर्षं मास्तरकी केली, बरेच कोडगे बघितले, पण एवढा निबर माणूस पाहिला नव्हता. एकदा मी सरळ म्हणालो, "आप्पा, जरा तरी लाज बाळगा. ती आत ऐकतेय."

"सासऱ्यानं खेळावर बोलू न्हाई, हे कुठं लिवलंय?" आप्पा म्हणाले. मी खिडकी लावून घेतली.

पंधरा दिवस आतून चकार शब्द आला नाही. मग एका सकाळी आप्पांनी कॅचरवर घसरायला सुरुवात केली. "त्या कॅचरला काय काम असतंय? मागं बसायचं आन् चेंडू गोळा करायचा. त्ये तर आमचं कुत्रंबी करंल."

स्वयंपाकघरात भांडं आपटलं.

"कॅचरच सगळा खेळ चालवतोय, मामा," आतून भारतीचा आवाज आला. दीड महिन्यात गल्लीने तो आवाज ऐकला नव्हता. "ठाऊक नसलं तर बोलू नगा."

बरी जिरली, असं मला वाटलं. पण आप्पांची जिरणार कशी? दुसऱ्या दिवशी ते नवा नियम घेऊन हजर, आणि तोही उलटासुलटा. तिसऱ्या दिवशी आणखी एक. आतून रोज उत्तर येऊ लागलं. आधी एका वाक्याचं, मग चार वाक्यांचं. "आसं नसतंय मामा," "कुणी सांगितलं तुमाला," "तुमी चुकलाय साफ." सून सासऱ्याला चुकलाय म्हणते, हे ऐकून समोरच्या काकूंनी कानाला हात लावला. मला मात्र आप्पांच्या बुद्धीची कीव येत होती. काट्यावर तीस वर्षं आकडे वाचणाऱ्या माणसाला चार वाकडे बॉल आणि तीन स्ट्राइक यांतला फरक महिनाभर कळू नये?

दसऱ्यानंतर एका सकाळी आप्पांनी कहर केला. म्हणाले, "बॅट लांब आसंल तर डोस्क्यावरनं गेलेला चेंडूबी स्ट्राइकच धरायला पायजे." ही त्यांची स्वतःचीच दुरुस्ती.

भारती तरातरा बाहेर आली. हाताला पीठ, हातात लाटणं. तिने ओट्याखाली फरशीवर पिठाच्या बोटांनी, मैदानात बॅटवाल्याजवळ असते तशी, पाच कोनांची आकृती काढली, लाटणं आप्पांच्या हातात दिलं आणि पदर खोचून त्यांच्या मागे उकिडवी बसली.

"सर, बटाटा टाका," ती मला म्हणाली. "मामांच्या गुडघ्याच्या वर, छातीच्या खाली. ह्या पिठावरनं."

मी आयुष्यात शेजाऱ्यावर बटाटा फेकला नव्हता, इच्छा मात्र पुष्कळदा झाली होती. ती संधी मी सोडली नाही. आप्पांनी डोळे मिटून लाटणं फिरवलं, ते हवेत गेलं, आणि मागे भारतीने डाव्या हाताने बटाटा अलगद धरला.

"स्ट्राइक," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "आता डोक्यावरनं टाका." तोही टाकला, तोही तिने उभं राहून धरला. "ह्यो बॉल. कळलं का आता, मामा?"

आप्पा लाटणं निरखत म्हणाले, "हे घरातलं झालं. मैदानात आसंच आसतंय कशावरनं?"

"चला मग ग्राऊंडवर," भारती म्हणाली. आषाढानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर निघाली होती. आप्पांची फजिती बघायला मीही मागोमाग गेलो.

शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव सामना चालला होता. खेळाच्या बाईंनी भारतीला बघितलं, काही न विचारता तिच्या हातात कॅचरचा हातमोजा दिला, आणि ती मुलींच्या घोळक्यात गेली ती गेलीच. आप्पा आणि मी पायरीवर बसलो. शेजारी एका खेळाडू मुलीचे वडील होते. एका पोरीने चेंडू सरळ उंच उडवला. तो अजून हवेतच होता, कुणी धरला नव्हता, तोच पंचांनी तिला बाद दिलं. वडील वैतागले. "झेल घ्यायच्या आधीच बाद? हा काय प्रकार?"

याच नियमावर आप्पांनी परवा पाऊण तास तोंडसुख घेतलं होतं. मी सरसावून बसलो. आप्पा त्या गृहस्थाकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "पावणं, बघा. पयल्या आन् दुसऱ्या बेसवर पोरी हायती. बाद दोनपेक्षा कमी. झेल एकदम सोपा. आता त्यो फिल्डरनं मुद्दाम सोडला, तर बेसवरच्या दोघी गोंधळत्यात, दोघी बाद व्हत्यात. तशी लबाडी करू न्हाई म्हणून पंच आधीच बॅटवालीला बाद देतो. लय इचार करून केलेला नियम हाय."

मी म्हणालो, "आप्पा, परवा तर तुम्ही याला गाढवपणा म्हणत होता."

आप्पांनी मैदानावरची नजर काढली नाही. भारती मुलींना ओरडून काहीतरी सांगत होती.

"परवा बरूबर सांगितलं आसतं, तर ती बोलली आसती व्हय?" ते म्हणाले. "सर, सासऱ्यानं सुनंला काय इचारायचं? पोर गेलं, तुला कसं वाटतंय, आसं? मला न्हाई येत. बायको आसती तर तिनं जवळ घेतलं आसतं. मला निस्तं भांडाय येतंय. नियमाचं पुस्तक सांगलीस्नं झेरॉक्स करून आणलं. इंग्रजी हाय, एकेका ओळीला डिक्शनरी लागती. आधी बरूबर शिकायचं, मंग चुकायचं. लय वेळ जातो बगा." मग म्हणाले, "तिला सांगू नगा."

मला लाज वाटली. या माणसाला मी दोन महिने मनातल्या मनात नाही नाही ते बोललो होतो. सांगणार नाही, असा मी शब्द दिला.

भारती आता रोज संध्याकाळी मुलींना शिकवायला जाते. जेवते. सुधीरच्या फोनवर हसल्याचा आवाज येतो. सकाळचं भांडण मात्र बंद झालेलं नाही. गेल्या आठवड्यात ती आमचा डबा परत द्यायला आली. बायको देवळात गेली होती. आप्पांचं गुपित राखायचं म्हणून मी जरा जास्तच नाटक केलं. म्हणालो, "तुझ्या सासऱ्याच्या डोक्यात काही शिरत नाही बघ. एकच गोष्ट किती वेळा सांगायची माणसाने?"

भारती दारातच थांबली. "सर, त्यांना सगळं येतंय. माझ्यापेक्षा जास्त येतंय. पुस्तक गादीखाली ठेवत्यात. गाद्या मीच झाडते की."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पयल्या महिन्यापासनं."

"मग रोज कशाला भांडतेस?"

तिने डबा टेबलावर ठेवला. "दवाखान्यातनं घरी आलो त्या दिवशी मामा न्हाणीत नळ सोडून रडत होते. मला ऐकू येऊ नये म्हणून. त्यांचं पण नातवंड होतं ना, सर. त्यांना कुणी इचारलंच न्हाई. सगळे मलाच इचारत होते." ती पदराशी चाळा करत राहिली. "मी उत्तर दिलं न्हाई तर ते कुणाशी बोलायचे? पण तुमी सांगू नका हं त्यांना."

मी तिलाही शब्द दिला. आता सकाळी सात वाजता मी चहा घेऊन खिडकीशी बसतो, आणि आप्पा चुकीचा नियम सांगून थांबले की मुकाट्याने आतल्या उत्तराची वाट बघतो.