आमचे तात्या आणि जत्रेतला पाळणा

मला बघायला आलेल्या मंडळींत तात्या होते. ते माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. इतरांनी रीतीप्रमाणे विचारलं, स्वयंपाक येतो का, मोदक वळता येतात का, वाचता येतं का. मी खाली मान घालून हो हो म्हणत होते. तात्या कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "जत्रेतल्या पाळण्यात बसली आहेस का? वरून खाली येताना ओरडतेस की डोळे मिटतेस?"

माझे वडील सर्द झाले. रेवदंड्यात आमच्या घरात असा प्रश्न मुलीला कुणी कधी विचारला नव्हता. मी घाबरून खरं तेच सांगून टाकलं, की मी ओरडते. तात्यांनी अडकित्ता उचलला आणि थोरल्या भावाला म्हणाले, "दादा, मुलगी पसंत."

एकोणीसशे तिसाच्या आसपासची ही गोष्ट. लग्न होऊन मी श्रीवर्धनजवळच्या त्या गावात आले आणि पुढची कित्येक वर्षं तात्यांमुळे तोंडाचा आ करून वावरले. तात्यांचं लग्न झालेलं नव्हतं. वाटणीची सुपारीची बाग होती, ती पोटापुरती बघायची आणि उरलेला वेळ पाळण्याला द्यायचा. पाळणा म्हणजे जत्रेत येतो तो, चार लाकडी खोक्यांचा, माणसांनी हातानं फिरवायचा. उरणपासून खाली आमच्यापर्यंत कुठल्या गावाची जत्रा कधी हे त्यांना पाठ होतं. बैलगाडीनं, खाडीतून पडावानं, वेळ पडली तर पायी ते तिथं पोचत. देवीला बाहेरूनच हात जोडत आणि पाळण्याखाली जाऊन उभे राहत. आसाला उंडीचं तेल घातलंय की नाही बघत, खोक्याच्या खुंट्या हलवून बघत. मग बसायला आलेल्या माणसांचा ताबा घेत.

त्यांचं म्हणणं असं, की पाळण्याला दोनच गोष्टी लागतात. "पोटात गोळा आणि हातात हात." नुसता गोळा आला तर ते दुखणं, आणि नुसता हात धरून बसायचं तर त्याला घरचा झोपाळा पुरे. म्हणून एकट्या माणसाला ते बसू देत नसत. सासूसमोर सून बसवायची, बापासमोर मुलगा बसवायचा. ज्यांचं घरी एकमेकांशी पटत नाही त्यांना तर शोधून काढून एका खोक्यात घालायचं.

आमच्या शेजारी दोघे भाऊ राहत. बागेच्या कुंपणावरून त्यांचं बोलणं बंद होतं. एका जत्रेत तात्यांनी थोरल्याला गोड बोलून पाळण्यात बसवलं आणि त्याच्या तोंडापुढं छत्री उघडून धरली. धाकट्याला समोर बसवलं. पाळणा हलल्यावर छत्री ओढून घेतली. ते दोघे वर जाईपर्यंत एकमेकांकडे नुसते बघत राहिले. खाली आले तेव्हा धाकट्यानं थोरल्याचं धोतर दोन्ही मुठींत धरलेलं होतं आणि ते टरकन फाटलेलं होतं. मग फाटलेल्या धोतरावरून दोघे असे भांडले की सगळी जत्रा गोळा झाली. तात्या खूश. म्हणाले, निदान बोलायला तरी लागले.

माझ्यावरही पाळी आलीच. नवरा-बायकोनं दिवसा चारचौघांत बोलण्याचीसुद्धा तेव्हा पद्धत नव्हती. तात्यांनी आम्हा दोघांना एका खोक्यात ढकललं. यांचा चेहरा पांढराफटक पडला. मामंजी समोरच उभे होते. त्यांनी पाठ फिरवली आणि पाळणा थांबेपर्यंत ते नारळाच्या दुकानातले नारळ वाजवून बघत राहिले. मी ओरडले, हे मी कबूल करते. हेही ओरडले. ते मात्र त्यांनी कधीच कबूल केलं नाही.

पण खरा धक्का पुढच्या वर्षी बसायचा होता.

आमच्या घरात आक्का होत्या, मामंजींची आणि तात्यांची थोरली बहीण. अजाण वयात लग्न झालं, अजाण वयातच नवरा गेला. केस काढलेले, अंगावर लाल आलवण, अशा त्या माहेरी परत आल्या त्या कायमच्या. आई लवकर गेल्यामुळे तात्यांना त्यांनीच वाढवलं. स्वयंपाकघर आणि विहीर एवढ्यात त्यांचा दिवस मावळायचा. कुणाच्या मंगलकार्यात त्यांनी पुढं यायचं नाही, शुभकामाला निघालेल्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. मी त्यांना मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. जत्रेच्या दिवशी त्या पहाटे गर्दीच्या आधी मागच्या वाटेनं देवीला जाऊन येत.

त्या वर्षी त्यांच्याबरोबर पूजेचं ताट घेऊन मी गेले होते. दर्शन घेऊन परतत होतो तोवर उजाडलं. वाटेवर पाळणा उभा होता. पाळण्याचा मालक, मुरुडकडचा महादू, आस पुसत होता आणि तात्या त्याला तेल किती घालायचं ते सांगत होते. आम्हाला बघून ते पुढं आले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"आक्का, बस."

मला वाटलं आक्का रागावतील. महादूच्या हातातलं फडकं खाली पडलं. तो म्हणाला, "तात्या, आक्कांना न्हाय बसवत मी. गाव माजा पालना मोडंल."

आक्का पाळण्याकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी हातातला तांब्या माझ्या ताटात ठेवला, आलवण डोक्यावरून नीट घेतलं आणि जाऊन खोक्यात बसल्या. तात्या त्यांच्याशेजारी बसले. महादूनं देवीच्या देवळाकडे बघून हात जोडले आणि पाळणा ढकलला.

तोवर देवळाकडे निघालेली माणसं थांबली होती. खोकं वर गेलं आणि वरून किंकाळी आली. ती आक्कांची नव्हती. तात्या दोन्ही हातांनी बहिणीचा दंड धरून, डोळे घट्ट मिटून ओरडत होते. जिल्ह्यातल्या सगळ्या पाळण्यांची खडान्‌खडा माहिती सांगणाऱ्या या माणसाला मी स्वतः बसलेलं कधी बघितलंच नव्हतं, हे तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आक्का ताठ बसल्या होत्या. एका हातानं भावाची पाठ थोपटत होत्या आणि चहूकडे बघत होत्या.

खाली उतरल्यावर त्यांनी माझ्याकडून तांब्या घेतला. घराच्या वाटेला लागल्यावर हळूच म्हणाल्या, "वरून आपलं घर एवढंसं दिसतं गो. माझा जन्म गेला त्यात, आणि ते एवढंसं."

त्याच दुपारी गावातली वडीलधारी मंडळी आमच्या ओटीवर जमली. विधवेनं जत्रेच्या दिवशी, देवीच्या दारात असला चाळा करावा, हे कुणाच्या गळी उतरेना. आक्कांना यापुढं उत्सवाच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकाला बोलवू नये, असं बोलणं निघालं. वर्षभरात आक्कांना चार माणसांत मान होता तो तेवढाच. मामंजी खाली बघत होते.

तात्या उठले आणि सगळ्यांसमोर जमिनीला डोकं टेकवलं. गावात कुणापुढं न वाकणारा हा माणूस हात जोडून सांगू लागला, की आक्का येत नव्हती, आपण तिला दंडाला धरून ओढलं आणि जबरदस्तीनं बसवलं. सगळं पाप आपलं. सांगाल ते प्रायश्चित्त घेतो, तिला काही बोलू नका.

मंडळींना ते पटत चाललं होतं. तेवढ्यात आक्का माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पुरुषांच्या बैठकीसमोर त्या कधी येत नसत.

"तो खोटं बोलतोय," त्या म्हणाल्या. "मला कुणी ओढलं नाही. मी बसले."

एवढं बोलून त्या आत गेल्या. ओटीवर कुणी कुणाकडे बघेना. निकाल लागला तो असा, की वर्षभर दोघांनाही पंगतीला घ्यायचं नाही. आक्कांचं उत्सवाचं सोवळं गेलंच. गावाच्या धाकानं मामंजींनी घरातसुद्धा दोघांची पानं मागच्या पडवीत मांडायला लावली.

वाढायला मी असे. पहिले काही दिवस मला रडू यायचं. मग एके दिवशी पडवीतून हसण्याचा आवाज आला आणि मी भाताचं पातेलं घेऊन तशीच उभी राहिले. आक्का तात्यांच्या किंकाळीची नक्कल करत होत्या. त्यानंतर तो आवाज रोजच येऊ लागला. माजघरात जेवणारे मामंजी घास हातात धरून ऐकत राहायचे.

एकदा जेवणं झाल्यावर आक्का विहिरीवर गेल्या होत्या तेव्हा मी धीर करून तात्यांना विचारलं, की एवढं घडणार हे ठाऊक असून तुम्ही त्यांना का बसवलंत.

ते पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "मी लहान होतो. दादानं मला पाळण्यात बसवलं. वर गेलो तशी सगळी जत्रा दिसायला लागली. रंगीत पागोटी, रंगीत लुगडी. आणि कडेला, माणसांपासून लांब, आलवणातली एक पोर मान वर करून माझ्याकडे बघत उभी होती. तिच्याएवढ्या पोरींच्या अंगावर खणाची परकर-पोलकी आणि ती एकटी तशी. ती माझी आक्का आहे हे मला वरून पहिल्यांदा ओळखूच आलं नाही. मी हात हलवला. तिनंही हलवला, आणि कुणी बघेल म्हणून लगेच खाली घेतला."

त्यांनी विहिरीकडे बघितलं.

"नंतर मला बसवेना गो."

आक्का कळशी घेऊन आल्या. भावाचे ओले डोळे बघून त्यांनी मला विचारलं, याला आमटी तिखट लागली का. मी हो म्हटलं. त्यांनी कळशी खाली ठेवली, आत जाऊन ताकाचं भांडं आणलं आणि ते तात्यांच्या हातात देऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या.