तात्यांचे साडेपाच तास

"तात्या, किती वाजले?" असं आमच्या शेजारच्या तात्यांना विचारायची सोय नाही. ते उलट आपल्यालाच विचारतात, "कुठलं सांगू? आपलं, का जगाचं?"

तात्या लष्करात सिग्नलला होते. तिथं सगळे निरोप जगाच्या, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर चालायचे. निवृत्त होऊन कराडला आले, तरी मनगटावरचं घड्याळ साडेपाच तास मागंच राहिलं. मोबाइलवर काय कधी दिसणार ते सांगणारा आकाशाचा नकाशा आला आणि त्या घड्याळाला नोकरी लागली. नकाशासुद्धा जगाच्या वेळेवर लावायचा, मग त्यात साडेपाच मिळवून अख्ख्या गल्लीला गच्चीवर हाकलायचं. "टाइम जुळला पायजे गड्या!" उशिरा आलेल्याची खैर नसायची. त्यांच्या घरच्या काकू तेवढ्या न बोलावता वर यायच्या.

परवा मात्र तात्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. काकू मिरजेच्या दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचं ऑपरेशन. बायकांच्या वॉर्डात सोबतीला मुलगी, म्हणून तात्यांना घरी धाडलेलं. दिवेलागणीला ते गच्चीवर येरझाऱ्या घालत होते.

"तिला सांगून आलोय, बारा वाजून गेल्यावर खिडकीतनं बघ, अंतराळ स्थानक जानार हाय. ती तितनं बघंल, मी हितनं. तेवढाच धीर."

मला राहवलं नाही. "तात्या, मध्यरात्री ते पृथ्वीच्या सावलीत असतं, दिसत नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

तात्यांनी घाईघाईनं मोबाइल काढला. आईला कळावं म्हणून मुलीनं कालच नकाशा आपल्या वेळेवर लावला होता. तात्यांनी सवयीनं त्यात पुन्हा साडेपाच मिळवले होते. स्थानक मघाशीच, आम्ही खाली चहा पीत असताना निघून गेलं होतं.

"आता ती जागत बसंल की रं! उद्या ऑपरेशन, आन् मी हे काय करून ठेवलं!"

घाईत त्यांना काकूंचा नंबर सापडेना. फोन मीच लावला, आवाज मोठा करून.

"झोप तू," तात्या म्हणाले. "माजा टाइम चुकला. काय दिसनार न्हाई."

"आवं, मला कवा काय दिसलंय?" पलीकडून काकू म्हणाल्या. "मी आपली व्हय म्हनायची. अंधारात तुमी हात धरत हुता, म्हनून येत हुते वर."

तात्यांनी मोबाइल खिशात घातला. मग जिना उतरून चपला शोधायला लागले.

"आता मिरजेला? अहो, वॉर्डात सोडणार नाहीत तुम्हाला!"

"न्हाई सोडलं तर न्हाई. दाराभाईर बसतो," तात्या म्हणाले. "तिला कळू दे, मी हाय म्हनून."