सासऱ्यांच्या गाडीचं मीटर

"टर्बोचं काहीही मला विचारा!" असं जावईबापू छाती फुगवून म्हणाले, तेव्हाच कुणीतरी त्यांना दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही, आणि पुढचं सगळं महाभारत घडलं.

सासऱ्यांची गाडी म्हणजे सासऱ्यांचा जीव. तिची किल्ली त्यांनी सख्ख्या भावालाही कधी दिली नव्हती. परगावी जाताना ती त्यांनी जावयाच्या हातात ठेवली! "रविवारी येतो. जशी आहे तशी परत द्या, म्हणजे पुढेही मिळेल," एवढंच म्हणाले.

आणि काय ती गाडी! चढावर पाय जरा दाबला की टर्बो शीळ घालायचा आणि पाठ सीटला चिकटायची. इंजिनातून वाया जाणारा धूर एक चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनात हवा कोंबतं, आणि एवढं धूड पाखरासारखं वर जातं! जावईबापूंना या नुसत्या विचाराने भरून यायचं.

"हा दाब डोळ्यांनी बघायलाच हवा," असं म्हणून त्यांनी एक मीटर आणलं. इंजिनात हवा नेणाऱ्या रबरी नळीला टोपण लावलेलं एक तोंड होतं. टोपण काढलं, तिथे बारीक नळी जोडली, ती थेट समोरच्या मीटरपर्यंत नेली. बाबा बघतील आणि थक्क होतील!

काटा मात्र नाचायला लागला. वर जातोय म्हणेपर्यंत खाली! गाडीही चढावर धापा टाकू लागली.

"अहो, मीटर बसवायच्या आधी बरी चालत होती," बायको म्हणाली.

"अगं, मीटर दोष दाखवतं, दोष करत नाही! मोठ्या नळीला कुठेतरी चीर गेली असणार."

रविवार उजाडला. सासरे जेवायला पोहोचणार होते. जावईबापूंचं डोकं जोरात चालू होतं. नळीत धूर सोडायचा, जिथून बाहेर येईल तिथे गळती! शेजारचे काका मधमाशा पाळायचे. त्यांच्याकडून पोळ्याला धूर द्यायचा डबा आणला, घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या हवा फेकणाऱ्या तोंडाला जोडला, पाइप गाडीच्या नळीत खुपसला आणि भोवती टॉवेल कोंबला.

बटण दाबलं. आईशप्पथ! टॉवेलच्या कडेने असा धूर उसळला की गाडी दिसेना, काका दिसेनात, स्वतःचे हातही दिसेनात.

"गळती सापडली का हो?" धुरातून काकांनी विचारलं.

"सगळीकडेच दिसतेय!"

समोरच्या काकूंनी खिडकीतून हे पाहिलं आणि फोन फिरवला. घंटा वाजवत बंब आला. "अहो थांबा, आग नाही, तपासणी आहे!" जावईबापू ओरडले. पण तोवर पांढऱ्या फेसाचा लोट इंजिनावर बसला होता.

आणि नेमके त्याच वेळी सासरे दारात उतरले.

व्हॅक्यूम क्लीनर अजून घोंगावत होता. एवढ्यात त्या फेसातून एक बुडबुडा वर आला. वाढला. आणखी वाढला. कलिंगडाएवढा झाला! उन्हात त्याच्या अंगावर रंग फिरत होते. बंबवाल्याने टोपी काढली. काकांचा आ वासलेलाच राहिला. सासरेसुद्धा हातातली पिशवी खाली ठेवायला विसरले.

"वा!" जावईबापू पुटपुटले.

फट्! बुडबुडा फुटला. त्याच जागी दुसरा फुगायला लागला. सासरे पुढे झाले, बोटाने फेस बाजूला सारला. खाली मीटरची बारीक नळी होती, आणि तिचा सैल राहिलेला जोड.

"हे कुणी बसवलं?"

जावईबापू टॉवेल पिळू लागले. बायको फक्त "अहो" म्हणाली, पण त्या एका शब्दात सगळं आलं.

सासऱ्यांनी नळी काढली, टोपण पुन्हा लावलं, क्लीनरचा पाइप ओढून बाजूला टाकला, फेस पुसला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. "चला, चढावर बघून येऊ."

जावईबापू लगबगीने पुढचं दार उघडायला गेले.

"तिथे ती बसेल. तुम्ही मागे."

जावईबापू मांडीवर व्हॅक्यूम क्लीनर घेऊन मागे बसले. चढ आला. शीळ वाजली, पाठ सीटला चिकटली, झाडं सर्रकन मागे पळाली! सगळी लाज विसरून ते ओरडले, "अहाहा! बाबा, आत्ता दाब किती असेल हो?"

सासऱ्यांनी आरशातून त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"पुरेसा आहे," ते म्हणाले.