तोंडी आज्ञांचं सुसूत्रीकरण

विजेच्या मीटरबद्दलच्या तक्रारींना उत्तरं पाठवणाऱ्या कार्यालयात, टेबल क्रमांक सातवरच्या कनिष्ठ लिपिक बाईंचा उजवा हात एका सोमवारी सकाळी अकरा वाजता कामातून गेला. कार्यालयीन वेळेत गेल्यामुळे ही बाब कार्यालयीन ठरली. बावीस वर्षं टंकन करून मनगट सुजलं होतं आणि डावं त्याच वाटेवर होतं. डॉक्टरांनी दोन्ही मनगटांना पट्टे बांधले आणि बजावलं, "तीन महिने टंकन बंद. नाहीतर पुढे केस विंचरायलासुद्धा दुसऱ्याला हाक मारावी लागेल."

रजा शिल्लक नव्हती. ती सासूबाईंच्या आजारपणात संपली होती. तेव्हा कार्यालयाने कपाटातून एक मायक्रोफोन काढून दिला. चार वर्षांपूर्वी आलेला, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता. आपण बोलायचं आणि संगणकाने करायचं, अशी सोय. शब्द मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

बाईंचा विचार सरळ होता. जो शब्द दिवसातून तीनशे वेळा म्हणायचा, तो जिभेवरून घरंगळला पाहिजे. उघड, मिट, साठव, छाप, मागे, पुढे असे एकोणीस शब्द त्यांनी दोन दिवसांत संगणकाला शिकवले. एकोणिसावा होता 'नेहमीचं'. तो उच्चारला की 'आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल' इथपासून 'आपला विश्वासू'पर्यंत अख्खं पत्र पडद्यावर उभं राहायचं.

गुरुवारी एकशे दहा पत्रं गेली. शुक्रवारी एकशे चाळीस. बाई हरखून गेल्या. हात मांडीवर निवांत आणि समोरची वस्तू एका शब्दात ऐकते! बावीस वर्षांच्या नोकरीत आणि सव्वीस वर्षांच्या संसारात 'का?' न विचारता त्यांचं ऐकणारं हे पहिलंच कुणीतरी होतं.

पुढच्या सोमवारी हेडक्लार्क टेबलापाशी येऊन थांबले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

"ताई, हे तुम्ही कुणाला सांगताय?"

"संगणकाला, भाऊसाहेब."

"सांगताय, की आज्ञा देताय?"

"आज्ञाच म्हणतात त्याला. पुस्तिकेत तसंच छापलंय."

भाऊसाहेबांनी शेजारची खुर्ची ओढली आणि ते हळूच बसले. "ताई, कनिष्ठ लिपिकाला आज्ञा द्यायचा अधिकार नाही. अहो, मलाही नाही. मी नुसती सूचना देतो. आज्ञा फक्त साहेब देतात, आणि तेसुद्धा लेखी."

साहेब भला माणूस होता. बाईंचा हात वाचावा असं त्यांना मनापासून वाटलं, आणि काहीही मनापासून वाटलं की ते समिती नेमत. 'तोंडी आज्ञा सुसूत्रीकरण समिती' त्याच दुपारी स्थापन झाली. आज्ञा अधिक कार्यक्षम करणं हे तिचं उद्दिष्ट होतं. बाईंना सदस्य करता आलं नाही, कारण त्यांना विषयाची माहिती होती आणि त्यामुळे त्यांचं मत एकांगी ठरलं असतं.

समितीच्या सहा बैठका झाल्या. एकोणीस आज्ञा फार होतात, यावर पहिल्याच बैठकीत एकमत झालं. कार्यक्षमता म्हणजे काटछाट. तेव्हा एकोणीसच्या एकोणीस रद्द करून एकच आज्ञा ठेवायची असं ठरलं, आणि मग त्या एकीच्या अंगावर प्रत्येक शाखेने आपापला दागिना चढवला. अंतिम मसुदा असा: 'मी, टेबल क्रमांक सात, नोंद क्रमांक अमुक, वरिष्ठांच्या मान्यतेस अधीन राहून, संगणकास विनंती करते की, कोणाचीही हरकत नसल्यास, त्याने पुढील कृती करण्याची कृपा करावी.' यानंतर कृती सांगायची. अहवालात ठळक अक्षरांत नोंद होती की आज्ञांची संख्या एकोणीसवरून एकवर आल्यामुळे कार्यक्षमता एकोणीस पट वाढली आहे.

"पण साहेब, हे म्हणून होईपर्यंत माझी दोन पत्रं निघतात," बाई म्हणाल्या.

"ताई, आधी एकोणीस शब्द लक्षात ठेवावे लागत होते," साहेब मायेने म्हणाले. "आता एकच वाक्य. डोक्याचा केवढा त्रास वाचला!"

वाक्यात 'हरकत नसल्यास' होतं, म्हणजे हरकत आहे की नाही हे कुणीतरी सांगायला हवं होतं. दालनातल्या दहाही जणांनी आळीपाळीने उभं राहून "हरकत नाही" म्हणायचं, असं ठरलं. कुणी चहाला गेलेला असला तर तो येईपर्यंत पत्र थांबायचं. मग असं दिसलं की इतरांची बडबड आणि कीबोर्डची खडखड यांत मायक्रोफोन गोंधळतो. म्हणून अकरा ते एक आणि दोन ते चार संपूर्ण शांतता पाळायचा आदेश निघाला. बाकीच्यांनी टंकन थांबवलं आणि हात मांडीवर ठेवले. विश्रांतीची गरज एकीच्या हातांना होती, ती दहा जणांच्या हातांना मिळाली. खिडकीशी आलेले लोक आपलं मीटर कसं धावतं ते हातवाऱ्यांनी दाखवू लागले आणि आतला कारकून सहानुभूतीने मान हलवू लागला. भाऊसाहेब दारात उभे राहून समाधानाने म्हणत, "बघा, कशी टाचणी पडली तरी ऐकू येईल. काम चालू असलं की असं असतं."

एवढ्यावर निभावलं असतं. पण तोंडचं बोलणं वाऱ्यावर जातं आणि कार्यालय वाऱ्यावर चालत नाही. बोललेली आज्ञा मंजूर आज्ञेशी ताडून पाहता यावी म्हणून ती आधी लिहून द्यायची, तीन प्रतींत, स्वतःच्या हस्ताक्षरात, असं पुरवणी परिपत्रक आलं.

"भाऊसाहेब, माझ्या हाताला पट्टे आहेत!" बाईंचा आवाज प्रथमच चढला.

भाऊसाहेबांनी डॉक्टरांचा दाखला काढून दोनदा वाचला. "यात 'टंकन वर्ज्य' असं लिहिलंय, ताई. लेखनाचा उल्लेख नाही. असता तर नक्की विचार केला असता."

बाई लिहू लागल्या. दिवसाला अकरा पत्रं जात आणि त्यासाठी तेहेतीस प्रती लागत. तिसऱ्या आठवड्यात त्यांची बोटं मिटेनाशी झाली. डॉक्टर संतापले. "उरलाय तेवढा हात तरी सांभाळा! महिनाभर काही उचलायचं नाही. घरीसुद्धा नाही." साहेबांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी खास बाब म्हणून रजा मंजूर केली आणि समितीचा अहवाल आदर्श नमुना म्हणून इतर कार्यालयांकडे पाठवला.

संध्याकाळी बाई घरी येऊन खुर्चीत बसल्या. मांडीवर उशी आणि उशीवर दोन्ही हात. डोळ्यांत पाणी होतं, पण ते पुसायलाही हात लागतो.

"पाणी," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

बाई उठल्या. दोन्ही तळव्यांत पेला धरून देऊन आल्या.

"आई, निळा शर्ट," मुलगा मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला.

बाई कपाटापाशी पोचल्यासुद्धा होत्या. तिथे त्या थबकल्या. काय ही व्यवस्था! एक शब्द, फार तर तीन. नोंद क्रमांक नाही, मान्यता नाही, हरकत विचारायची नाही. त्या परत खुर्चीत येऊन बसल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "चहा."

वर्तमानपत्र खाली आलं. "कुणाला?"

"मला."

"आत्ता? जेवायच्या वेळेला?"

"आई, पावडर कुठल्या डब्यात असते?"

"दूध आहे का पण?"

"किती कप पाणी घालू?"

"अगं, तुला बरं वाटत नाहीये का?" नवऱ्याने खऱ्या काळजीने विचारलं.

सातव्या प्रश्नाला बाई उठल्या आणि त्यांनी तिघांचा चहा केला. त्यात वेळ वाचला.

आपल्याला त्या समितीचं हसू आलं असेल. येणारच, तसली माणसं असतातच. फक्त आज घरात बसल्या जागेवरून 'पाणी' एवढंच म्हणून बघा. पेला आला, तर आपला आवाज घराला ओळखू येतो. मग पेला आणणाऱ्या माणसाला समोर बसवा, 'पाणी' म्हणायला सांगा, आणि उठण्याआधी आपण किती प्रश्न विचारतो ते मोजा.